जुना ड्रायव्हर काढून टाका

आमच्या हॉलमध्ये टेबलाखाली एक काळा डबा आहे. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, समोरून जाळी, आत पंखे. कुणी विचारलं तर मी 'हीटर आहे' असं सांगतो. हे अगदीच खोटं नाही, कारण तो चालू असला की माझ्या पोटऱ्या भाजून निघतात. पण ते खरं म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड आहे. पन्नाशीला आलेल्या, पाणीपुरवठा ऑफिसात सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज तपासणाऱ्या माणसानं लॅपटॉपवर गेम चालावा म्हणून असलं काही घरात आणलंय, हे कबूल करण्यापेक्षा हीटर बरा.

आणि गेम माझ्यासाठी नव्हताच. तो नानांसाठी होता. नाना म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली. रिटायर झाल्यावर घरची गाडी चालवली, तीही फक्त त्यांनीच. मी नुसता शेजारी बसून 'हो' म्हणायचो. यंदा लायसन्सची मुदत संपली. डोळे तपासणाऱ्या बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यातली खालून तिसरी ओळ वाचायला सांगितली. नानांनी खणखणीत आवाजात वाचली. दुर्दैवानं तशी ओळ त्या तक्त्यावर नव्हती.

लायसन्स गेलं. घरी आल्यावर नानांनी गाडीची किल्ली काही न बोलता माझ्या हातात दिली आणि खिडकीजवळची आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. एरवी त्या खुर्चीतून ते रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरचा उद्धार करायचे. 'अरे, दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात!' हे तिसऱ्या मजल्यावरून. आता सगळं बंद. चहा गार मिळाला तरी बोलेनात. हिनं मुद्दाम दोनदा गार दिला, तरी नाही. ज्या माणसाच्या बडबडीला मी जन्मभर वैतागलो, तो गप्प झाल्यावर मला घरात करमेना. जेवताना नुसता ताटवाट्यांचा आवाज. मला ते ऐकवेना.

तेव्हा मला बस चालवण्याचा गेम सापडला. खरोखरीची बस, खरोखरीचे स्टॉप, चढणारे-उतरणारे प्रवासी, आरसे, सिग्नल, सगळं. स्क्रीन दोन फुटांवर, म्हणजे डोळ्यांचाही प्रश्न नाही. मी टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणलं, पायाखाली ठेवायचे ब्रेक-क्लच आणले, आणि नानांना शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवायला लागलो.

माझा लॅपटॉप ऑफिसच्या कामापुरता. बस सुरू केली आणि तो धापा टाकायला लागला. एक चित्र दिसायचं, मग तो विचार करायचा, मग दुसरं चित्र. स्टिअरिंग आत्ता फिरवलं की बस थोड्या वेळानं वळायची, तोवर वळण संपलेलं असायचं. पाच मिनिटांत मी एक खांब, एक फळांची गाडी आणि सिग्नलसकट चौक पार केला.

नानांनी चष्मा काढून पुसला. "ही गाडी रस्त्यावर काढणं गुन्हा आहे," ते म्हणाले. "डेपोत पाठव. दुरुस्त होऊन आली की सांग."

आठवड्यातलं ते त्यांचं सर्वांत मोठं भाषण होतं. मी तिथल्या तिथं ठरवलं, गाडी दुरुस्त करायचीच.

आमच्या खालच्या मजल्यावर धरणवाले काका राहतात. आयुष्यभर त्यांनी धरणं बांधली, त्यामुळे जगातलं काहीही ते पाण्याच्या भाषेत समजावून सांगतात. जिन्यात गाठून म्हणाले, "सोपं आहे. तुमचा लॅपटॉप म्हणजे गच्चीवरची टाकी. गेम म्हणजे खाली एकदम उघडलेले वीस नळ. धार कशी लागणार? तर बाहेरून एक मोठी टाकी आणायची आणि जाड पाइपनं जोडायची. ती टाकी म्हणजे बाहेरचं ग्राफिक्स कार्ड."

"काका, मी पाणीपुरवठ्यातच आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्हाला समजत नाहीये," काका म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मी जिन्यात उभा होतो.

घरात हिनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, ह्यांच्या लॅपटॉपला बाहेरचं लावायचंय." बहिणीनं अर्धवट ऐकलं. बाहेरचं लागलंय म्हटल्यावर तिनं कुणाला दाखवलंत का, घरात रात्रीबेरात्री आवाज येतात का, अशी चौकशी सुरू केली. पुढे महिनाभर ती माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होती.

आता हे कार्ड इथल्या दुकानांत मिळेना. परदेशातून मागवावं लागलं. आलं ते थेट घरी न येता पार्सल सोडवण्याच्या ऑफिसात जाऊन बसलं. मी निर्धास्त होतो. अर्ज भरणं हा माझा प्रांत. ठळक अक्षरांत, खाडाखोड न करता, चौकटीबाहेर एक वेलांटी जाऊ न देता अर्ज भरला. 'वस्तूचे नाव' या रकान्यात 'ग्राफिक्स कार्ड' लिहिलं. 'वस्तू कशासाठी' या रकान्यात 'खेळण्यासाठी' लिहिलं. तिथंच घात झाला.

खिडकीमागचे साहेब बारीक, टापटीप, कानामागे पेन लावलेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "खेळणं कुठाय?"

"कसलं खेळणं?"

"तुम्हीच लिहिलंय, खेळण्यासाठी. म्हणजे हा खेळण्याचा सुटा भाग. मूळ खेळणं दाखवल्याशिवाय सुटा भाग सोडता येत नाही."

"अहो साहेब, खेळण्यासाठी म्हणजे खेळायला!"

"मग 'खेळायला' लिहायचं होतं. 'खेळायला' लिहिलं असतंत तर ते माझ्याकडे आलंच नसतं, शेजारच्या खिडकीवर गेलं असतं." त्यांनी पेन कानामागून काढून माझ्याच शब्दाखाली रेघ मारली. "व्याकरण मी ठरवत नाही."

मागच्याच महिन्यात मी एका गृहस्थांना 'नळजोड' आणि 'नळ जोड' यांच्यातल्या मोकळ्या जागेवरून परत पाठवलं होतं. तेही असेच खिडकीला धरून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मला तेव्हा विशेष काही वाटला नव्हता. आता काचेत माझा दिसला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खेळणं घेऊन गेलो. म्हणजे लॅपटॉप, स्टिअरिंग, ब्रेक-क्लच आणि ते लावायला घडीचं टेबल. रांगेतल्या लोकांनी कौतुकानं जागा करून दिली. साहेब खिडकीतून बाहेर आले आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

भर ऑफिसात मी खुर्चीत बसून बस चालवली. माझ्यामागे पंधरावीस माणसं गोळा झाली. "डावीकडं घ्या, डावीकडं!" "अहो, म्हातारी आडवी आली!" "ब्रेक कुठाय ह्याला?" एक बाई मला शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." बस खांबाला जाऊन भिडली आणि चित्र थिजलं.

"हे चालत नाही," साहेब म्हणाले.

"चालत नाही म्हणूनच तो भाग मागवलाय ना!"

"म्हणजे नादुरुस्त खेळणं." साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "मग आधी का नाही सांगितलंत? त्याचा अर्ज वेगळा."

वेगळ्या अर्जात लहान मुलांच्या सुरक्षिततेचे प्रश्न होते. सुटा भाग मुलाच्या तोंडात जाण्याइतका लहान आहे का? माझं कार्ड विटेएवढं होतं, मी 'नाही' लिहिलं. खेळणं मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वापरणार का? इथं मी जरा थांबलो, पण 'हो' लिहिलं. मुलाचं वय? मी खरं ते लिहिलं, एकाहत्तर. साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, "आकडे उलटे पडलेत," म्हणाले आणि ७१ चे १७ करून शिक्का मारला. मी काही बोललो नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं तरी शिकलोय की शिक्का ओला असताना बोलायचं नसतं.

पार्सल घरी आलं, कार्ड आणि त्याचा पंख्यांचा डबा. कार्ड त्यात बसवलं. आता लॅपटॉप आणि डबा यांना जोडणारी केबल. धरणवाले काका स्वतःची घेऊन हजरच होते. "ही जाड आहे. पाइप जाडच हवा." केबल दोन्हीकडे अगदी घट्ट बसली. डब्याचे पंखे फिरले, दिवा लागला, हॉल गरम झाला आणि लॅपटॉपनं काहीही ओळख दाखवली नाही.

मी काढून पुन्हा लावली. काकांनी काढून पुन्हा लावली. ही मधेच येऊन "उलटी लावून बघा" म्हणाली, उलटी लावली. चार दिवस ऑफिसातून आल्यावर माझा हाच उद्योग. नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले. एकदा नुसतं विचारलं, "आली का गाडी डेपोतून?" मी "आज येईल" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मला त्याचं जास्त लागलं.

शेवटी मी लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. बाजारात त्यांचं छोटंसं दुकान आहे, दिवसभर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला. त्यांनी केबल हातात घेतली, टोक बघितलं आणि काकांना विचारलं, "ही तुमची?"

"जाड आहे," काका म्हणाले.

"जाड आहे, पण हिच्यातून नुसती वीज जाते. चार्जिंगची आहे. तोंड तेच, पण आत काही नाही."

काकांना एकदम घरी काम आठवलं.

बाईंनी आपली केबल लावली. लॅपटॉपनं एकदाचं कार्ड ओळखलं. मी हिला हाका मारल्या, बस सुरू केली. स्टॉपवरून निघून चौकात आडवा वळलो आणि स्क्रीन काळी झाली. उजळल्यावर वर एक पाटी आली: ड्रायव्हर जुना आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मलाही त्याच दिवशी कळलं. लॅपटॉपला कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे सांगणारा जो आतला प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणे ड्रायव्हर म्हणतात. पंख्यांचा आवाज इतका की आम्ही दोघंही ओरडूनच बोलत होतो.

"हा जुना ड्रायव्हर काही कामाचा नाही!" बाई ओरडल्या. "सगळं ह्याच्यामुळं अडतंय!"

"मग काय करायचं?"

"काढून टाकायचा! अगदी मुळापासून! थोडा जरी मागे राहिला ना, तर नवीन काही नीट चालू देत नाही!"

माझा पंधरा दिवसांचा वैताग त्या क्षणी तोंडातून बाहेर पडला. "काढा हो! आत्ताच्या आत्ता काढा! मला वीट आलाय त्याचा! नुसता घरात बसून अडवणूक करतोय!"

बाईंनी जुना काढला, नवा घातला, चहा घेतला आणि गेल्या. बस आता लोण्यासारखी चालत होती. झाडांची पानं हलत होती, काचेत समोरच्या इमारती दिसत होत्या. चौकात मी ती आडवी अडकवली, पण तो दोष माझा होता, गाडीचा नव्हता. "नाना!" मी हाक मारली. "गाडी आली!"

खुर्ची रिकामी होती. दाराजवळ त्यांच्या चपला नव्हत्या. खुर्चीमागे ठेवलेली त्यांची कापडी पिशवीही नव्हती.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही मघाशी काय ओरडत होतात ते तुम्हाला कळतंय का?"

तोवर कळलं नव्हतं. मग एकदम कळलं आणि मला दरदरून घाम फुटला. डब्याचा काही संबंध नव्हता.

नाना रस्त्याच्या टोकाच्या बसस्टॉपवर सापडले. बाकावर ताठ बसलेले, मांडीवर पिशवी. मी धापा टाकत शेजारी बसलो.

"ताईकडं जातो थोडे दिवस," ते म्हणाले. ताई म्हणजे माझी बहीण. "तीन बस सोडल्या. पहिल्याचा क्लच घासत होता. दुसऱ्यानं स्टॉप सोडून पुढं थांबवली. तिसरा बरा होता, पण मोबाइलवर बोलत होता."

"नाना, तो ड्रायव्हर वेगळा. कॉम्प्युटरमधला."

"कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर असतो?"

"असतो."

"कुठं बसतो?"

"बसत नाही. तो… आत असतो. कार्ड चालवतो."

नानांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "आणि जुना झाला की काढून टाकतात."

मी 'हो' म्हणणार होतो, मग 'नाही' म्हणणार होतो. सव्वीस वर्षं लोकांना चुकीच्या शब्दावरून परत पाठवणाऱ्या माणसाला आता एक बरोबर शब्द सापडत नव्हता. "नाना, मी तुमच्याबद्दल असं बोलेन का?" मी म्हणालो. "तुम्ही गप्प बसलात तेव्हापासून मला घरात राहवत नाही. हा सगळा उपद्व्याप तुमच्यासाठी केला. पार्सलच्या ऑफिसात वीस माणसांसमोर मी तुमची बस खांबावर घातली."

चौथी बस आली, दार उघडलं. नाना उठायला लागले.

"बरं, जा," मी घाईघाईनं म्हणालो, "पण ती घरातली बस मी चौकात आडवी लावून आलोय. मला ती सरळ करता येत नाही. मागं गाड्या हॉर्न वाजवतायत."

नाना अर्धे उठलेले तसेच थांबले. "आडवी? चौकात?"

"सिग्नलवर."

"प्रवासी आहेत आत?"

"भरलीय."

नानांनी चौथ्या बसच्या ड्रायव्हरला हातानं 'जा' म्हणून खूण केली. "गाढवा," ते मला म्हणाले, "भरलेली गाडी टाकून आलास?" आणि पिशवी माझ्या हातात कोंबून ते घराकडे इतक्या झपझप निघाले की मला मागून पळावं लागलं.

चपला काढून ते स्टिअरिंगसमोरच्या खुर्चीत बसले. आधी दोन्ही आरसे बघितले. मग दोन दमांत बस मागं घेऊन सरळ केली, एकाही गाडीला धक्का न लावता. चौक ओलांडला, पुढच्या स्टॉपवर कडेला अगदी समांतर आणून उभी केली. माणसं उतरली, चढली, दार बंद झालं. स्क्रीनवर हिरवा बाण लागला.

बस हलेना.

मी पंखे बघितले, केबल बघितली. पंधरा दिवस ज्याच्यासाठी मान खाली घातली, ते पुन्हा बिघडलं असंच मला वाटलं. "नाना, काय झालं? ब्रेक सोडा ना!"

नाना समोर रस्त्याकडे बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून स्वस्थ बसले होते. "कंडक्टर कुठाय?"

"ह्यात कंडक्टर नसतो, नाना. गेममध्ये नुसता ड्रायव्हर."

"डबल घंटी झाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. बत्तीस वर्षांत हलवली नाही."

हिरवा बाण मिचमिचत होता. ही दारात उभी होती आणि ओठ दाबून माझ्याकडे बघत होती. मी, पाणीपुरवठा ऑफिसातला वरिष्ठ लिपिक, खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "टिंग टिंग."

"मोठ्यानं. आणि मागचं दार बघितलंस का?"

मी मागं वळलो. ही अजून उंबऱ्यातच होती, एक पाय आत, एक बाहेर.

"आत या, बाई," मी म्हणालो. "दारात उभं राहू नका."

ही आत आली आणि नानांच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"टिंग टिंग!" मी ओरडलो.

नानांनी पहिला गिअर टाकला. "तिकिटं घे सगळ्यांची," ते म्हणाले, आणि बस निघाली.